झोपेत बॅटरी कोण खातं? स्टीम डेकच्या एका अपडेटची चाचणी

आमच्या पाच जणांच्या टोळक्यात पाचही जणांकडे स्टीम डेक, म्हणजे हातात धरून पीसीवरचे गेम खेळायचं यंत्र, आहे आणि वॉरंटी एकाकडेही नाही. ते बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकायला काढलेलंच नाही, त्यामुळे कुणाचं बहिणीने अमेरिकेहून साड्यांच्या घडीत गुंडाळून आणलं, कुणाचं दुबईहून येणाऱ्या मित्राने, तर दोघांनी इथल्याच आयात माल विकणाऱ्याकडून चढ्या भावाने घेतलं. बिघडलं तर पाठवायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यांना सारखाच. म्हणून आम्ही एक रीत पाडली आहे. मोठं अपडेट आलं की आधी दोघांनी टाकायचं, आठवडाभर रोजच्यासारखं वापरायचं, नोंदी ठेवायच्या आणि मग बाकीच्या तिघांना हिरवा कंदील दाखवायचा.

हे प्रकरण जून 2025 मधलं. बळीचे बकरे दोन: पुण्यात मी आणि डोंबिवलीत आमचा एक मित्र, ज्याला इथे डोंबिवलीकरच म्हणतो. दोघांकडेही पहिल्या पिढीचं, एलसीडी पडद्याचं मशीन, 40 वॅट-तासांच्या बॅटरीचं. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या ओएलईडी मशीनची बॅटरी 50 वॅट-तासांची आहे, त्यामुळे टोळक्यातल्या नाशिककराचं ओएलईडी या तुलनेत आम्ही मुद्दाम घेतलं नाही.

अपडेटला घाबरण्यासारखं काय होतं

डेकची लिनक्सवर चालणारी प्रणाली म्हणजे स्टीमओएस. तिची 3.7 आवृत्ती मे महिन्यात सर्वांसाठी खुली झाली होती आणि आम्ही सगळे 3.6 वर होतो. आकडा एकानेच पुढे सरकलेला दिसतो, पण आत बरंच काही बदललं होतं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, 6.5 वरून 6.11 वर गेला होता आणि डेस्कटॉप मोडमध्ये (डेक साध्या संगणकासारखा वापरताना) दिसणारा केडीई प्लाझ्मा पाचवरून सहावर. आम्हाला हवी होती ती सोय अगदी छोटी: चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची. डेक दिवस-दिवस डॉकवर (टीव्ही आणि चार्जरला जोडणाऱ्या स्टँडवर) लावून ठेवणाऱ्याला बॅटरी फुगण्याची धास्ती असते, त्याला या एका खुणेसाठी अपडेट हवंसं वाटतं.

कर्नल बदलला की माझं पहिलं लक्ष झोपेवर जातं. लॅपटॉपवर लिनक्स वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. गेम अर्धवट सोडून बटण दाबायचं, यंत्र सगळं रॅममध्ये धरून झोपतं, पुन्हा दाबलं की त्याच क्षणाला जागं होतं. डेकची अर्धी मजा यातच आहे. आणि झोप हीच अशी गोष्ट आहे जिच्यात कर्नल, ड्रायव्हर, बायोस (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम) आणि बॅटरी सांभाळणारी चिप या सगळ्यांचे हात गुंतलेले असतात. एकाने हात आखडला की सकाळी बॅटरी रिकामी.

दुसऱ्या बाजूला, स्टीमओएसच्या रचनेत माघारीची वाट आधीच ठेवलेली आहे. डिस्कवर मूळ प्रणालीच्या दोन प्रती असतात, अ आणि ब, प्रत्येकी साधारण 5 जीबीच्या. चालू असते एक. अपडेट येतं ते दुसरीवर, पूर्णच्या पूर्ण नवी प्रत म्हणून, आणि रीस्टार्ट केलं की यंत्र त्या बाजूने उठतं. गेम, सेव्ह, फोटो असलेला होम विभाग दोघींत सामाईक. नवी बाजू नको झाली तर यंत्र बंद करायचं, उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण धरून पॉवर दाबायचं, की आधीच्या प्रतीत शिरण्याचा पर्याय समोर येतो. आम्ही दोघांनी अपडेट टाकण्याआधीच हे एकदा करून बघितलं होतं. आग लागल्यावर बादली शोधायची नसते.

ही वाट सगळं मात्र वाचवत नाही. बायोस या दोन प्रतींच्या बाहेर, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. अपडेटसोबत नवा बायोस आला आणि तो चिपवर चढला, की तुम्ही अ-ब कितीही फिरवा, बायोस नवाच राहतो. आमची दोन्ही मशीन बरेच महिने जुन्या आवृत्तीवर पडून होती, त्यामुळे आम्हाला मधल्या काळातला बायोसही एकदमच मिळाला. ही गोष्ट पुढे मला चांगलीच नडली.

आधीच्या नोंदी

अपडेटच्या आधीचा आठवडा आम्ही नोंदींसाठी ठेवला होता. सामाईक शीटमध्ये रोज एक ओळ: झोपवताना किती टक्के, उठवताना किती, मध्ये किती तास. शिवाय एकाच गेममधली एकच सेव्ह, एकाच जागेवरून, सेकंदाला 40 फ्रेमची मर्यादा आणि 9 वॅटची वीजमर्यादा लावून दहा मिनिटं चालवायची आणि पडद्यावरच्या आकड्यांचा फोटो काढायचा. वीसदा झोपवून वीसदा उठवायचं, वायफाय परत जोडतं का बघायचं. ब्लूटूथ इअरफोन. डॉकवरून टीव्ही. शेवटची दोन कामं दोघांनीही उरकल्यासारखीच केली, खोटं कशाला बोला.

झोपेतली गळती दोघांची जवळपास सारखी आली. दहा-अकरा तासांत 4 टक्के, एखाद्या दिवशी 3. आम्ही खूश. दोन शहरांत दोन मशीन आणि आकडा एकच, म्हणजे आपली आधारनोंद पक्की, असं मीच शीटमध्ये लिहून ठेवलं. त्या वाक्याखाली आता लाल रेघ आहे.

अपडेटचा दिवस

शनिवारी दुपारी टाकलं. बाहेर पाऊस आणि वीज दर अर्ध्या तासाने डोळे मिचकावत होती. बायोस चढताना वीज गेली तर यंत्राची वीट होते ही भीती डेस्कटॉप पीसीवर खरी असते. इथे यंत्राच्या पोटातच बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस घेऊनच जन्मलेलं. तरी दोघांनी बॅटरी आधी चांगली भरून घेतली, चार्जर लावला आणि व्हिडिओ कॉलवर एकमेकांकडे बघत बसलो. पडदा काळा होतो, पंखा जोरात फिरतो आणि काही मिनिटं काहीच होत नाही. ती मिनिटं लांब असतात. डोंबिवलीकराची आई मागून म्हणाली, “अरे, बंद करून चालू कर ना.” तो जवळजवळ ओरडलाच, “आई, हात नको लावूस!”

दोन्ही मशीन उठली. माझ्याकडे लगेच एक गोष्ट गेलेली दिसली: डेस्कटॉप मोडमध्ये मराठी टंकनासाठी मी टाकलेलं पॅकेज. हे व्हायचंच होतं. मूळ प्रणाली केवळ वाचण्यापुरती खुली असते, मी ते कुलूप काढून पॅकमनने (मूळ प्रणालीतच पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) पॅकेज बसवलं होतं आणि अपडेटने ती अख्खी बाजूच बदलली. होममध्ये ठेवलेले देवनागरी फॉन्ट आणि फ्लॅटपॅकने, म्हणजे मूळ प्रणालीला हात न लावता, घेतलेली ॲप्स मात्र जशीच्या तशी. तिघांसाठी शीटमध्ये लिहिलं: पॅकमनने जे घातलंय ते गेलं समजा, यादी आधी काढून ठेवा.

दुसरी तक्रार डोंबिवलीकराची: त्याच गेममध्ये त्याच जागी झटके बसतायत. मलाही बसले. पण ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले की आधी तयार करून ठेवलेले शेडर (गेमचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कुचकामी ठरतात, यंत्राला ते पुन्हा जुळवावे लागतात आणि पहिल्या फेरीत ते जाणवतं. तिसऱ्या फेरीला दोघांचेही आकडे जुन्याशी जुळले. पहिल्या फेरीचे आकडे आम्ही खोडले नाहीत, फक्त बाजूला “पहिली फेरी” असं लिहिलं. नाहीतर नाशिककराने तेवढंच वाचून अपडेट नाकारलं असतं. तो तसा माणूस आहे.

सोमवार

सोमवारी रात्री आठ वाजता डोंबिवलीकराचा मेसेज आला. “सकाळी 80, आता 61. झोपेत 19 टक्के गेले. अपडेट गंडलंय.” पाठोपाठ दुसरा: “आणि ऑफिसात बाहेर काढलं तेव्हा कोमट लागत होतं.”

माझ्या मशीनने त्याच दिवशी तेवढ्याच तासांत 4 टक्के खाल्ले होते. तरीही माझा संशय थेट कर्नलवर गेला, कारण मी आठवडाभर आधीपासूनच त्याच्यावर डोळा ठेवून बसलो होतो. दुसऱ्या मेसेजकडे मी लक्षच दिलं नाही. जूनच्या मुंबईत लोकलमधून आलेल्या बॅगेत कोमट काय नसतं?

तिघांना “थांबा” असा निरोप गेला. डोंबिवलीकराला मी म्हटलं, तीन ठिपके धर, जुन्या बाजूने उठव आणि उद्या तसंच ने. मंगळवारचा निकाल: 16 टक्के गेले. जुन्या प्रतीवर.

इथे शहाण्या माणसाने म्हटलं असतं, जुनी प्रणाली असूनही गळती आहे, म्हणजे अपडेट सुटलं. मी म्हटलं, बायोस! प्रणाली मागे गेली, बायोस नवाच राहिला, म्हणजे गुन्हेगार तोच. तर्क म्हणून यात खोट नव्हती. मागे फिरवता न येणारा एक भाग होता आणि गळतीही मागे फिरली नव्हती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण जुना बायोस परत चढवणं हे आमच्यासारख्यांनी घरबसल्या करायचं काम नाही, आणि त्या मित्राला या कामाला मीच तयार केलं होतं.

पण मग माझ्या मशीनचं काय? बायोस तोच, प्रणाली तीच, पडदा तोच, आणि गळती 4 टक्के. माझा तर्क हा एकच आकडा मोडत होता आणि मी दोन दिवस त्याच्याकडे “पुण्याची हवा थंड” म्हणून कानाडोळा करत होतो.

लॉग

बुधवारी सकाळी सुचलं ते सोमवारी रात्रीच सुचायला हवं होतं. यंत्र झोपताना आणि उठताना कर्नल लॉगमध्ये एकेक ओळ लिहितो: झोपेत शिरलो, झोपेतून बाहेर आलो, वेळेसकट. स्टीमओएसमध्ये हे लॉग होमच्या बाजूला ठेवलेले असतात, त्यामुळे अ आणि ब दोन्ही बाजूंची दिनचर्या एकाच जागी सापडते. डोंबिवलीकराने डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन सोमवारच्या ओळी काढून पाठवल्या.

झोपला 8:41. जागा झाला 9:11, झोपला 9:21. जागा झाला 9:37, झोपला 9:48. मग दिवसभर शांत. संध्याकाळी 6:52 ला जागा, 7:02 ला झोप.

मी आकड्यांकडे बघत होतो, तो फोनवर गप्प होता. मग म्हणाला, “9:11 म्हणजे ठाणे. 9:37 म्हणजे दादर.”

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणारा माणूस पाठीवरची बॅग गाडीत चढण्याआधीच पोटावर घेतो. ठाण्याला जी लाट आत येते ती त्या बॅगेवर येते. दादरला अर्धी गाडी उतरते, तीही त्याच बॅगेला खेटून. संध्याकाळी हाच खेळ उलट दिशेने.

हिशेब बसतो का ते बघितलं. त्याच्याकडे गेम तसाच चालू ठेवून झोपवायची सवय, म्हणजे यंत्र जागं झालं की गेमही जागा. पडदा धरून 11 वॅटच्या आसपास खर्च. हात न लावता दहा मिनिटं गेली की परत झोपायचं, अशी त्याची सेटिंग. तीन वेळा मिळून 31 मिनिटं, म्हणजे साडेपाच-पावणेसहा वॅट-तास. त्याची बॅटरी झिजून 38 वॅट-तासांच्या घरात आली आहे, तिचे हे झाले 15 टक्के. त्यात झोपेतले नेहमीचे 4 मिळवा. 19.

पावतीवरची बेरीज जुळावी तसा आकडा जुळला. आणि ते कोमट लागणं! बंद बॅगेत वीस मिनिटं गेम चालल्यावर ते कोमटच लागणार.

आता प्रश्न एवढाच, बटण दाबतंय कोण. हा माणूस वर्षभर डेक लोकलमधून नेतो, आधी कधी झालं नाही. उत्तर त्यानेच दिलं, जरा ओशाळत. शनिवारी अपडेट झाल्यावर “आता नवं-नवं वाटू दे” म्हणून त्याने स्टेशनबाहेरच्या मोबाइल ॲक्सेसरीच्या टपरीवरून सिलिकॉनचं कव्हर घेतलं होतं. डेकचं पॉवरचं बटण वरच्या कडेला असतं, कडेशी जवळपास सपाट. कव्हरला त्या जागी भोक नव्हतं, उंचवटा होता. कव्हर घातलेलं मशीन त्याच्या झिपच्या केसमध्ये घट्ट बसायचं आणि केसची कड त्या उंचवट्यावर टेकायची. वर माणसाचा भार आला की काम झालं.

फोनवरच त्याने केस बॅगेत घातली, बॅग छातीशी धरली आणि म्हणाला, “हे घे ठाणं.” दाबली. दोन सेकंद काही नाही. मग बॅगेतून पंख्याची बारीक शीळ मला पुण्यात ऐकू आली.

मग आधीच्या आठवड्यात?

कव्हर नव्हतं, हे झालं एक. पण आधीच्या आठवड्याच्या नोंदी नीट वाचल्यावर दुसरी गोष्ट बाहेर आली, आणि ती कव्हरपेक्षा जास्त लागली. त्या आठवड्यात त्याच्या ऑफिसात एसीचं काम निघालं होतं आणि सगळे घरून काम करत होते. म्हणजे ज्या 4 टक्क्यांवर मी “पक्की” असा शेरा मारला, ते मशीन पाच दिवस कपाटावर पडून होतं. आम्ही जुनी प्रणाली कपाटावर मोजली आणि नवी लोकलमध्ये. दोन शहरांत आकडा सारखा आला कारण दोन्हीकडे कपाट होतं.

कव्हर नसतं तरी ही तुलना लंगडीच होती, आणि शीट मी आखली होती, त्याने नाही.

निकालावर शिक्कामोर्तब करायला आम्ही आणखी तीन दिवस घेतले. गुरुवार: नवी बाजू, कव्हर काढून, तीच लोकल, तीच बॅग. 4 टक्के, लॉगमध्ये मधे एकही जाग नाही. शुक्रवार: जुनी बाजू, कव्हर काढून. 4 टक्के. हा दिवस डोंबिवलीकराला फुकट वाटला. मला वाटला नाही. मंगळवारी आम्ही जुनी बाजू कव्हरसकट मोजली होती, तिचा जोड हवा होता. आता चारही खाने भरले होते: नवी-जुनी आणि कव्हर-बिनकव्हर. गळती कव्हरच्या खान्यांतच होती, प्रणाली कुठलीही असो. बायोस चारही खान्यांत तोच, नवा, आणि त्यातल्या दोन खान्यांत गळती नाही. त्याचीही सुटका झाली. तीन ठिपक्यांचं बटण आम्ही संकटकाळचा दरवाजा म्हणून शिकलो होतो, पण याच बटणामुळे आम्हाला एकाच यंत्रावर एकाच आठवड्यात जुनी आणि नवी प्रणाली आलटून-पालटून तोलता आली. साध्या लॅपटॉपवर हीच तुलना इतकी सहज झाली नसती.

तिसरा दिवस सोमवार. डोंबिवलीकराने ब्लेडने कव्हरला पॉवरच्या जागी चौकोनी भोक पाडलं, अगदी बेढब, आणि नवी बाजू घेऊन गेला. 5 टक्के. लॉगमध्ये एक जाग होती, दुपारी 1:20 ची. मी पुन्हा दचकलो. तो म्हणाला, “जेवणाच्या सुट्टीत मीच खेळलो चार मिनिटं. लिहायचं राहिलं.”

त्या मंगळवारी तिघांना कंदील दाखवला. सांगलीकराने आणि माझ्या मावसभावाने त्याच रात्री अपडेट टाकलं, पॅकेजची यादी काढून ठेवून. नाशिककर अजून 3.6 वर आहे. त्याला शीटमध्ये आमच्या दोघांच्या नावापुढे “पहिली फेरी, झटके” दिसलं आणि तो तिथेच थांबला.

शीटमध्ये आता दोन रकाने वाढले आहेत. एक, मशीन दिवसभर कुठे होतं. दुसरा, अंगावर काय होतं. दुसऱ्या रकान्याचं शीर्षक मावसभावाने बदलून “वेशभूषा” केलंय, ते मी तसंच ठेवलंय.